अर्धांगवायूनंतर वडिलांचा पैसा आणि वडिलांची संमती : वाळवा तालुक्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाचं आहे. गाव त्यांना गुरुजी म्हणतं, घरचे अण्णा. कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे. गाव, बँका आणि रुग्णालयं यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. माझी सगळी नोकरी बँकेत झाली. निवृत्तीनंतर आसपासच्या पेन्शनरांची कागदपत्रं बघून देतो, त्या ओळखीतून या घरात माझं जाणं-येणं सुरू झालं.

प्रकरण लिहून ठेवण्याजोगं वाटलं ते एका कारणाने. या घरात पैसा होता, मुलं एकमेकांशी नीट बोलत होती, कोणाचा डोळा इस्टेटीवर नव्हता. तरीही आजारी माणसाच्या स्वतःच्या पैशातून त्याच्याच औषधाचा खर्च भागवता येईना. आणि हा पेच सोडवताना पहिले काही आठवडे कोणीही, अगदी कोणीही, त्या माणसाला काही विचारलं नाही.

पहिला आठवडा

डिसेंबर २०२४ चे पहिले दिवस. शेतात ऊसतोड लागली होती. अण्णा पहाटे पाचला उठले ते तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवा हात लुळा, तोंडातून शब्द नाही. वय ७२, बीपीची गोळी चालू, मध्ये मध्ये चुकायची. आईंना, म्हणजे अण्णांच्या पत्नीला, आधी थंडीचा कडाका वाटला. गावातल्या डॉक्टरांनी बीपी बघून लगेच इस्लामपूरला पाठवलं, तिथून मिरजेला. पोहोचेपर्यंत दुपार झाली.

मिरजेत पहिला प्रश्न आला तो असा: “शेवटचं ठणठणीत कधी बघितलं होतं?” आईंनी सांगितलं, रात्री साडेनऊला, जेवून झोपले तेव्हा. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. झोपेत झटका आला असेल, तर घड्याळ उठल्याच्या वेळेपासून न धरता माणूस शेवटचा ठीक दिसला त्या वेळेपासून धरतात. त्यामुळे ते इंजेक्शन देता आलं नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला मोठा भाग बाधित झाला होता. उजवं अंग गेलं, आणि उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं केंद्र डावीकडेच असतं म्हणून वाचाही गेली.

मुलगा पुण्याला हिंजवडीत नोकरीला. त्याने क्रेडिट कार्डावर डिपॉझिट भरलं. त्याच्या कंपनीच्या सामूहिक विम्यात आई-वडील होते, रक्कम ३ लाख. कॅशलेसची पहिली मंजुरी लवकर आली. नियमाप्रमाणे ती एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत यायला हवी. खरा फटका खोलीने दिला. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा रोजची ३,००० होती. आयसीयूतून बाहेर आल्यावर नातेवाइकांची वर्दळ असेल म्हणून ५,००० ची स्वतंत्र खोली घेतली. सगळ्यांना वाटलं, रोजचे वरचे २,००० आपण भरू. पण मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की डॉक्टरांच्या भेटीची फी, नर्सिंग असे खोलीच्या दर्जाला बांधलेले खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. औषधं आणि तपासण्या त्यातून सुटतात, बाकीच्याला कात्री लागते. एकूण बिल ४ लाख ७० हजारांच्या घरात, विम्याने दिले २ लाख ६० हजार, उरलेले मुलाने भरले. खोली ठरवायच्या आधी विमा डेस्कवर एक प्रश्न विचारला असता तर यातले बरेच वाचले असते, म्हणून हे इतकं सविस्तर लिहिलं.

७० वर्षांवरच्या कोणालाही उत्पन्नाची अट न लावता वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार देणारं आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीसच सुरू झालं होतं. अण्णांचं काढलेलं नव्हतं, आणि ते रुग्णालय योजनेच्या यादीतही नव्हतं. पुढे आधारवरून काढून घेतलं. खाजगी विमा असला तरी हे कार्ड निघतं. ज्यांच्या घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस आहे त्यांनी ते काढावं आणि आपल्या भागातली कोणती रुग्णालयं यादीत आहेत ते तब्येत धड असतानाच बघून ठेवावं.

कुलपं कुठे कुठे होती

डिस्चार्जनंतर घरी आणलं तेव्हा नाकातून नळी, लघवीची नळी, भाड्याचा पलंग, हवेची गादी, रोज फिजिओथेरपिस्ट, आणि दिवसाची एक मावशी. महिन्याचा खर्च ४५,००० च्या आसपास जायला लागला. त्याच काळात अण्णांची ३८,००० ची पेन्शन दर महिन्याला त्यांच्या खात्यात येऊन पडत होती. काढायला कोणी नव्हतं.

मुलीने लोखंडी कपाट उघडून सगळे कागद पलंगावर पसरले आणि मला बोलावलं. अण्णांची शिस्त अशी की प्रत्येक पावती प्लॅस्टिकच्या पाकिटात, मागे पेन्सिलीने मुदत लिहिलेली. पेन्शनचं खातं एका राष्ट्रीयीकृत बँकेत, एकट्याच्या नावावर. त्याच बँकेत तीन मुदत ठेवी: एक एकट्याची, दोन आईंच्या सोबत. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजना, तिचं तिमाही व्याज त्यांच्या एकट्याच्या पोस्ट खात्यात. जिल्हा बँकेत उसाच्या बिलाचं खातं. गावच्या पतसंस्थेत दीड लाखाची ठेव. शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीचं पीककर्ज. दोन एकर ऊस, नोंद त्यांच्या नावावर.

“सगळीकडे नॉमिनी आईच आहे,” मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात सुटकेचा भाव होता. इथे मला त्याला थांबवावं लागलं. नॉमिनीचा अधिकार खातेदाराच्या मृत्यूनंतर सुरू होतो. खातेदार हयात असेपर्यंत नॉमिनीला त्या खात्यातला एक रुपया काढता येत नाही. आपल्याकडे माणसं नॉमिनेशन केलं की निर्धास्त होतात. पण मरण आणि धडधाकट असणं यांच्या मध्ये एक मोठा काळ असू शकतो, आणि त्या काळात नॉमिनेशनचा काडीचा उपयोग नसतो.

संयुक्त ठेवींचं काय? त्यातली एक ‘पहिला किंवा हयात’ पद्धतीची निघाली. म्हणजे पहिला धारक जिवंत असेपर्यंत व्यवहार त्याच्याच सहीने. आईंचं नाव तिथे असूनही नसल्यासारखं. दुसरी ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ अशी होती. ती मुदत संपल्यावर आईंच्या एकट्या सहीने निघाली असती, पण मुदतीआधी मोडायची तर दोघंही हयात असताना दोघांच्या सह्या लागतात. मुदत होती ऑगस्टची, आणि आपण जानेवारीत होतो. ठेव करताना फॉर्मवर त्या एका चौकटीत कोणती खूण करतो याकडे शंभरातले नव्वद लोक बघत नाहीत, काउंटरवरचा माणूस जिथे बोट ठेवेल तिथे सही करतात. मी स्वतः त्या काउंटरवर बसलेलो आहे, म्हणून हे जीव तोडून सांगतो.

तीन सल्ले

घरात आलेला पहिला सल्ला मोबाइलचा होता. अण्णांचा फोन मुलाकडे, एटीएमचा पिन आईंना ठाऊक, बँकेचं ॲपही होतं. ठेव ऑनलाइन मोडायची, ओटीपी आपल्याच हातात येतो, संपलं. एटीएममधून दोनदा पैसे काढून झालेही होते. मुलीला मात्र ते खटकत होतं. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “काका, दादावर माझा अविश्वास नाही. पण उद्या अण्णा बरे झाले आणि त्यांनी विचारलं, माझी ठेव कुणी मोडली, तर?” तिचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. पिन दुसऱ्याने वापरणं बँकेच्या अटींत बसत नाही, आणि दुसऱ्याच्या नावाने ओटीपी टाकून मोडलेल्या ठेवीचा हिशेब पुढे कधीही अंगावर येऊ शकतो. हेतू कितीही चांगला असो, कागदावर तो व्यवहार अण्णांनी केला असं दिसतं, आणि ते खोटं असतं. मुलाने हे ऐकून घेतलं आणि तिथेच थांबला. त्याबद्दल मला त्याचं कौतुक आहे, कारण त्या महिन्यात कार्डाचं व्याज त्याच्या डोक्यावर होतं.

दुसरा सल्ला तालुक्याच्या एका वकिलांचा: कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, करून घ्या. यात एक मेख आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मानसिक संतुलन गेलं, तर मुखत्याराचा अधिकारही संपतो. काही देशांत असं मुखत्यारपत्र असतं की देणाऱ्याची समज गेली तरी ते चालू राहतं. आपल्या कायद्यात तशी सोय नाही. आणि समज नसलेल्या माणसाचा अंगठा नव्या मुखत्यारपत्रावर उमटवून घेणं तर सरळसरळ बेकायदा. म्हणजे मुखत्यारपत्र उपयोगी पडतं की नाही हे एकाच गोष्टीवर ठरणार होतं: अण्णांना कळतं का?

तिसरा सल्ला उच्च न्यायालयात जाण्याचा. कोमातल्या माणसाच्या मालमत्तेसाठी पालक नेमण्याचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा अल्पवयीन मुलांसाठी आहे. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेची व्यवस्था बघणारा माणूस नेमण्याची तरतूद होती, पण २०१७ च्या नव्या कायद्याने ती गेली. म्हणून कुटुंबं राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट करतात, आणि न्यायालय निराधाराचं पालक या नात्याने पत्नीला किंवा मुलाला पालक नेमतं. मुंबई उच्च न्यायालयाने असे आदेश दिलेले आहेत. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये याची पद्धतच घालून दिली: वैद्यकीय मंडळाची तपासणी, महसूल अधिकाऱ्याची प्रत्यक्ष भेट, नेमलेल्या पालकाने दर सहा महिन्यांनी हिशेब सादर करणं. माणूस खरोखर बेशुद्धीत असेल तर हाच रस्ता, आणि तो टाळून इकडेतिकडे अंगठे घेत बसू नये. मुलाने मुंबईत वकील शोधायला सुरुवातही केली होती.

या तिन्ही सल्ल्यांत एक गोष्ट सारखी होती. तिन्ही जण अण्णांना वगळून बोलत होते. त्यांच्याच पलंगाच्या पायथ्याशी बसून.

वाचा-उपचार

न्यूरॉलॉजिस्टनी डिस्चार्जच्या कागदावर वाचा-उपचार लिहिला होता. फिजिओथेरपी लगेच सुरू झाली, हा भाग मागे पडला. बोलताच येत नाही तर उपचार कशावर करणार, अशी घरात समजूत. शेवटी मुलीने इचलकरंजीहून चौकशी करून सांगलीतल्या एका वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंना घरी आणलं. तो दिवस या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा.

बाईंनी आधी घरच्यांना खोलीत बसवून समजावलं. वाचा जाणं आणि समज जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काहींची समजही जाते, काहींची फक्त शब्द बाहेर काढण्याची वाट बंद होते, बऱ्याच जणांचं या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतं. घरचे म्हणाले, आम्ही विचारून पाहिलं, ते प्रत्येकाला ‘हो’च म्हणतात, पाणी हवं का, हो, नको का, हो. बाई म्हणाल्या की हे नेहमी दिसतं. तोंडातून एकच शब्द अडकल्यासारखा बाहेर पडतो, मनात उत्तर वेगळं असतं. म्हणून तोंडाच्या ‘हो’वर जायचं नाही.

मग त्यांनी डाव्या हाताशी वस्तू ठेवल्या: चष्मा, किल्ली, पेला, पेन. “चष्मा कुठला?” अण्णांनी चष्म्यावर बोट ठेवलं. “लिहायला काय लागतं?” पेन. “दार कशाने उघडायचं?” किल्ली. हळूहळू वाक्यं लांब केली. तेव्हा तीन-चार टप्प्यांच्या सूचनेत ते गोंधळायचे, लांबलचक वाक्य निसटायचं, दुपारनंतर थकायचे. पण छोट्या, सरळ प्रश्नाला सकाळच्या वेळी बरोबर उत्तर येत होतं. बाईंनी दोन खुणा पक्क्या केल्या: हो म्हणजे डाव्या हाताचा अंगठा वर, नाही म्हणजे तळवा पालथा. आणि एक नियम घालून दिला. महत्त्वाचा प्रश्न दोनदा विचारायचा, दुसऱ्यांदा उलटा करून. ‘ही ठेव मोडायची?’ आणि थोड्या वेळाने ‘ही ठेव ठेवायची?’ दोन्ही उत्तरं जुळली तरच ते उत्तर.

आई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्या एकच म्हणाल्या, “म्हणजे आम्ही इतके दिवस बोलत होतो ते सगळं यांनी ऐकलंय.” त्यात मावशीसमोर झालेली खर्चाची चर्चा होती, पुढचं काय ते बघू अशी नातेवाइकांची कुजबुज होती.

कायद्याच्या भाषेतही याला आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्व सांगितलं आहे, आणि त्याचा अर्थच असा की पालक आणि दिव्यांग व्यक्ती यांनी मिळून, ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार ठरवायचं. तिच्या वतीने परस्पर ठरवायचं नाही. अण्णांच्या बाबतीत त्या कलमाखाली अर्ज करायची वेळ आली नाही, पण घरातल्या पुढच्या सगळ्या वागण्याला मी तोच मापदंड धरला.

अंगठा

न्यूरॉलॉजिस्टकडून दाखला घेतला: रुग्ण शुद्धीवर आहे, साध्या आर्थिक बाबी समजतो, खुणेने संमती देऊ शकतो, उजव्या अंगाच्या पक्षाघातामुळे सही करू शकत नाही. या दाखल्याचा शब्द न् शब्द महत्त्वाचा. नुसतं ‘पक्षाघाताचा रुग्ण, अंथरुणाला खिळून’ असा कागद बँकेत काहीही सिद्ध करत नाही.

शाखेत पहिलं उत्तर मिळालं, “पेशंटला घेऊन या.” नाकात नळी असलेल्या माणसाला ॲम्ब्युलन्समधून शाखेत आणा, असं. आजारी, वृद्ध आणि अपंग खातेदारांबद्दल रिझर्व्ह बँकेच्या सूचना जुन्या आणि स्पष्ट आहेत. खातेदार सही करू शकत नाही पण अंगठा देऊ शकतो, अशा वेळी हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो; दोन त्रयस्थ साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. अंगठाही उमटवता येत नसेल तर नुसती खूण चालते, आणि पैसे कोण काढणार हे खातेदाराने दाखवायचं. त्या व्यक्तीची ओळख पुन्हा दोन साक्षीदारांनी पटवायची. शिवाय ७० वर्षांवरच्या आणि आजारी-अपंग ग्राहकांना रोख रक्कम, केवायसी, हयातीचा दाखला या सेवा घरी द्याव्यात असं २०१७ चं परिपत्रक आहे. मी परिपत्रकांच्या प्रती, डॉक्टरांचा दाखला आणि आईंचा लेखी अर्ज असा जोड करून दिला आणि अर्जाची पोच घेतली. पोच घेणं फार गरजेचं. तोंडी नकाराला तक्रार करता येत नाही. लेखी अर्जाला तीस दिवसांत समाधानकारक उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तशी वेळ आली नाही. पुढच्या आठवड्यात एक तरुण अधिकारी स्वतः घरी आला.

तो आला त्या सकाळी अण्णांना आंघोळ घालून, धुतलेली बंडी घालून टेकून बसवलं होतं. पलंगावर ठेवींच्या पावत्या ओळीने मांडल्या. मुलाने एकेक उचलून दाखवली. “अण्णा, दवाखान्याला पैसे लागतायत. यातली कुठली मोडूया?” बँकेची एकट्या नावावरची ठेव दाखवली, अंगठा वर. थोड्या वेळाने उलटा प्रश्न, उत्तर जुळलं. ‘पहिला किंवा हयात’वाली दाखवली, तळवा पालथा. उलट विचारलं, तेच उत्तर. मग त्यांनी स्वतःहून डावा हात लांबवला आणि शेवटून दुसऱ्या पावतीवर ठेवला. ती पतसंस्थेची. त्यांना आधी ती मोडायची होती.

ही निवड मला अचूक वाटली. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँका धरून, ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. अण्णांनी नेमका हाच विचार केला होता का, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. आईंनी मात्र सांगितलं की दिवाळीपासून ते तिथून पैसे काढायचं म्हणत होते. आणि जी ठेव त्यांनी नाकारली, तिच्या पाकिटावर मागे पेन्सिलीने आईंचं नाव लिहिलेलं होतं. आम्ही कोणीच ती बाजू पाहिली नव्हती. खर्चाचं गणित मांडताना मुलगा आणि मी, दोघांनीही तीच ठेव सर्वांत आधी मोडायची ठरवली होती, कारण तिचा व्याजदर सर्वांत कमी होता.

त्याच बैठकीत पेन्शनच्या खात्यात आईंचं नाव ‘कोणीही किंवा हयात’ पद्धतीने जोडायचा फॉर्म अंगठ्याने झाला. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना हात न लावता ठेवली. एक वर्षानंतर दोन वर्षांच्या आत मोडली तर मुद्दलातून दीड टक्का कापतात, आणि तिचं तिमाही व्याज आता खर्चाला लागणारच होतं. तेव्हा दर एप्रिलला द्यावा लागणारा १५-एच फॉर्मही अंगठ्यावर झाला, म्हणजे ठेवींच्या व्याजावर कर आधीच कापला जाणार नव्हता.

शुश्रूषा आणि वही

पैशाची वाट मोकळी झाल्यावर दुसरा ताण उघडा पडला. मुलाने पैसे घातले होते, मुलीने वेळ. ती संसार आणि नवऱ्याच्या यंत्रमागाचा हिशेब सोडून माहेरी राहिली होती. पैशाची बिलं असतात, वेळेची नसतात, त्यामुळे बोलण्यात नेहमी मुलाचाच आकडा यायचा. मी त्यांना एक लांब वही आणायला सांगितली. डाव्या पानावर प्रत्येक रुपया, कोणी दिला आणि कशासाठी. उजव्या पानावर कोण किती दिवस घरी होतं, रात्र कोणी जागवली. मुलीचं एसटीचं भाडंही त्यात. मुलाच्या बायकोने सुट्टी घेऊन काढलेले दिवसही. या वहीवरून कोणी कोणाकडे पैसे मागितले नाहीत. पण आईंनी एकदा ती पानं वाचली आणि मुलाने घातलेले उपचाराचे पैसे अण्णांच्या खात्यातून टप्प्याटप्प्याने परत करायचं ठरवलं. अण्णांना विचारलं. अंगठा वर. रक्कम चेकने गेली, वहीत नोंद झाली.

मावशी ब्युरोतून आल्या होत्या, चांगल्या होत्या, पण त्यांना शिकवावं लागलं. नळीतून भरवताना डोकं उंचावलेलं हवं आणि भरवल्यानंतर अर्धा-पाऊण तास तसंच राहू द्यायचं, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. दर दोन तासांनी कूस बदलायची. हवेची गादी आहे म्हणून हे चुकवायचं नाही, माकडहाडाजवळची कातडी रोज बघायची. लुळा हात धरून कधीही उठवायचं नाही, खांदा निखळतो. ही शेवटची गोष्ट घरच्यांनाही माहीत नव्हती, भेटायला येणारा प्रत्येक जण प्रेमाने त्याच हाताला धरून ओढायचा. मुलीने पलंगाच्या उशाशी पुठ्ठ्यावर लिहून लावलं: उजवा हात ओढू नका.

फेब्रुवारीत अण्णा जेवण नाकारू लागले, भिंतीकडे तोंड करून पडायचे. आजार वाढला असं सगळ्यांना वाटलं. डॉक्टरांनी ते नैराश्य ओळखलं. पक्षाघातानंतर साधारण तीनातल्या एकाला ते गाठतं, आणि त्याला औषध आहे. गोळी सुरू झाली, फिजिओची वेळ सकाळी आणली, आणि वाचा-उपचाराला त्यांचा जुना विद्यार्थी असलेला एक शिक्षक रोज अर्धा तास येऊन बसू लागला. त्यांना पाढे येत होते! बोलता न येणाऱ्या माणसाला कधी कधी पाठ असलेली गोष्ट ओळीत म्हणता येते. बेचा पाढा ते मध्ये न अडखळता म्हणत, आणि ‘पाणी’ म्हणायला घाम फुटे.

रुग्णालयाबाहेरच्या या खर्चातलाही काही भाग विम्यातून मिळाला. बहुतेक पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्च, या पॉलिसीत ६० दिवसांचा, बिलं असतील तर परत मिळतो. आईंनी फिजिओची प्रत्येक पावती डब्यात जपून ठेवली होती.

ऊस, सोसायटी आणि स्टॅम्पपेपर

शेताचं तुलनेने सोपं गेलं. ऊस गेला, कारखान्याने बिलातून सोसायटीचं कर्ज परस्पर वळतं केलं, उरलेलं जिल्हा बँकेतल्या खात्यात आलं. मुदतीत फेडलं की ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज पडत नाही, त्यामुळे ते वेळेत जाणं महत्त्वाचं होतं. अडलं ते नवं-जुनं करताना, म्हणजे जुनं फेडून नवं कर्ज उचलताना, कारण नव्या कर्जाला सही हवी. सोसायटीचे सचिव गावातलेच, गुरुजींचे विद्यार्थी. ते घरी आले, साक्षीदारांसमोर अंगठा घेतला.

मार्चमध्ये मात्र एक चुलते स्टॅम्पपेपर घेऊन आले. अंगठा चालतोय तर मृत्युपत्रही उरकून घ्या, मुलीचं हक्कसोडपत्रही करून टाका, पुढची कटकट मिटेल, असा त्यांचा आग्रह. इथे मी आवाज चढवला, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे मृत्युपत्र करणारा सुबुद्ध असावा लागतो आणि दोन साक्षीदारांनी ते साक्षांकित करावं लागतं. दवाखान्यासाठी एक ठेव मोडू का, याला हो म्हणणं वेगळं. सगळ्या मालमत्तेची वाटणी समजून, प्रत्येकाचा विचार करून, ती सांगणं वेगळं. त्या महिन्यांत अण्णांना लांब वाक्य पकडता येत नव्हतं, हे वाचा-उपचाराच्या नोंदीत लिहिलेलं होतं. अशा काळातलं मृत्युपत्र संशयाच्या भोवऱ्यात सापडतं आणि भावंडांना आयुष्यभर कोर्टात उभं करतं. मुलीच्या हक्काला तर तिथे हात लावायचंच काही कारण नव्हतं. मुलाने स्टॅम्पपेपर चुलत्यांना परत दिला.

आजची स्थिती

नाकातली नळी निघाली. अण्णा काठी आणि आधार घेऊन अंगणापर्यंत चालतात. बोलणं पाच-सात शब्दांचं आहे, त्यात आईंची हाक आहे. नोव्हेंबर २०२५ चा हयातीचा दाखला बँकेने घरी येऊन घेतला. त्याच महिन्यापासून बँक खात्याला चार नॉमिनी नेमता येतात, पण अण्णांना तसं करायचं नव्हतं. विचारल्यावर तळवा पालथा पडला, दोन्ही वेळा.

मग आईंच्या नावाच्या खात्याकडे वळलो. त्यांच्या एकटीच्या नावावर एक बचत खातं आणि एक ठेव निघाली, बचत गटातून साठवलेली. त्यांनी त्या खात्यात मुलीचं नाव जोडलं, ‘कोणीही किंवा हयात’. ठेवीच्या नव्या फॉर्मवर ती चौकट त्यांनी मला वाचून दाखवायला लावली, दोनदा, आणि मग सही केली. मृत्युपत्राचा विषय डॉक्टरांनी पुन्हा तपासून लेखी मत दिल्यावरच काढायचा, असं चौघांनी ठरवलं आहे. पुढची तपासणी उन्हाळ्यात आहे.